घोडा फिरवावा कसा?



लहानपणी आपण सगळ्यांनीच एकमेकांना एक कोडे घातलेले असते. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! भाकरीचे आणि विड्याच्या पानाचे कळायला सोपे आहे. तव्यावरची भाकरी वेळेवर उलटली नाही तर ती करपणार, आणि टोपलीतली पाने खालीवर केली नाहीत तर ती सडणार. पण घोडा फिरवायचा म्हणजे नेमके काय करायचे? कोड्यात ते सांगितलेले नाही आणि आपणही कधी विचारलेले नसते.

घोडा फिरवण्याचे अर्थ दोन आहेत. त्याला मैदानात नेऊन गोल, आडवा, मागे असा फिरवायचा, म्हणजे शिकवून तयार करायचा, हा एक अर्थ. त्याला तबेल्यातून बाहेर काढून रानावनात हिंडवून आणायचा, हा दुसरा. यांपैकी एकच अर्थ ज्याने धरला त्याचा घोडा कुठे ना कुठे अडतो. दोन्ही ज्याने सांभाळले त्याचा घोडा सहसा अडत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे. पण ते जरा विस्ताराने सांगावे लागेल.

मी महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. घोड्याचा नाद मला चाळिशीत लागला. पुण्याबाहेर घोडेस्वारी शिकवणारी एक लहानशी जागा आहे. घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब तिथे शिकवतात. आम्ही शिकणारी मंडळी चौघे. एक पशुवैद्य बाई, एक बँकेतले अधिकारी, एक गॅरेज चालवणारा तरुण आणि मी. आमच्यापैकी कुणाचाही स्वतःचा घोडा नाही. मराठ्यांच्या फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी घोडा मिळे तो बारगीर. त्या हिशेबाने आम्ही चौघेही बारगीरच. तेव्हा मी बोलणार आहे ते थोडे पुस्तकातले आणि बरेचसे रविवारच्या सकाळचे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

घोड्याला शिकवण्याच्या विद्येला युरोपात ड्रेसाज असे नाव आहे. शब्द फ्रेंच आहे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ शिकवून तयार करणे असा आहे. मराठीत मला यासाठी वळण हा शब्द फार सोयीचा वाटतो. आपण मुलांना वळण लावतो, हाताला अक्षराचे वळण असते आणि रस्त्यालाही वळण असते. घोड्याच्या शिक्षणात ही सारी वळणे एकत्र येतात. त्याच्या चालीला वळण लागते, आणि ते लागते बव्हंशी त्याला वळवून वळवूनच.

या विद्येच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे सपाट, वाळूचे रिंगण. त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर रोमन लिपीतली अक्षरे लावलेली. स्वार घोड्यावर ताठ पण शांत बसलेला. घोडा एका अक्षरापाशी दुडकी धरतो, दुसऱ्यापाशी थांबतो, तिसऱ्यापासून तिरपा पाय टाकत पलीकडच्या कडेला जातो. वरच्या पायरीवर गेलेला घोडा जागच्या जागी दुडकी चालतो, एका मागच्या पायाभोवती गिरकी घेतो. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. आणि गंमत अशी की, स्वार काही करतो आहे असे पाहणाऱ्याला वाटतच नाही. जितके कमी दिसेल तितके चांगले.

पुष्कळ लोक म्हणतात की घोड्याला नाचायला शिकवले आहे. ते खरे नाही. कुरणात मोकळा सोडलेला उमदा घोडा दुसरा घोडा दिसला की हेच सगळे करून दाखवतो. मान उंचावतो, पाय उचलून उचलून टाकतो, जागच्या जागी वळतो. त्याला यातले काहीच नवे नसते. नवे असते ते एकच. पाठीवर माणूस असताना हे करायचे, आणि माणूस सांगेल तेव्हा करायचे.

आता पाठीवरचा माणूस ही घोड्याच्या दृष्टीने मोठीच अडचण आहे. उभ्या घोड्याच्या वजनाचा अधिक भार, म्हणजे शंभरातले साठेक भाग, त्याच्या पुढच्या पायांवर असतो. त्यावर आपण साठसत्तर किलो वजन ठेवतो, आणि तेही मागेपुढे हलणारे! कोवळा घोडा मग पुढे झुकून, लगामावर रेलून चालू लागतो. असा घोडा ठेचकाळतो, त्याचे पुढचे पाय लवकर खराब होतात, पाठ धरते. म्हणून त्याला हळूहळू मागचे पाय पोटाखाली घ्यायला, पुठ्ठ्यावर भार तोलायला शिकवायचे. ड्रेसाजचे सारे शास्त्र या एका गरजेतून निघाले आहे. शोभा नंतर आली. मूळ हेतू घोडा धडधाकट राहावा हाच.

जर्मन शिक्षकांनी या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली ताल. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, आणि भरधाव सुटण्याअगोदरची जी उड्यांची चाल ती तीन ठोक्यांची. हा ताल कधी बिघडता कामा नये. दुसरी पायरी सैलपणा, म्हणजे अंगात आणि मनात ताण नसणे. तिसरी, तोंड आणि स्वाराचा हात यांत लगामावाटे राहणारे हलके, स्थिर संधान. चौथी जोम. पाचवी सरळपणा, कारण आपण जसे उजवे किंवा डावरे असतो तसा घोडाही एका बाजूला जरा वाकडाच असतो. आणि सहावी, अंग आवरून मागच्या पायांवर भार तोलणे. पहिल्या दोन पायऱ्या पाहा. शिस्तीच्या कितीतरी आधी ताल आणि सैलपणा आलेला आहे. भेदरलेल्या घोड्याकडून पुढचे काहीच नीट मिळत नाही, हे त्या क्रमातच सांगून टाकले आहे. सगळ्या पायऱ्या चढायला चारसहा वर्षे सहज लागतात. वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घोडा निदान आठ वर्षांचा असला पाहिजे असा नियमच आहे.

चालींकडे असे बारकाईने पाहणे हे काही युरोपचेच वैशिष्ट्य नव्हे, बरे का! आपल्या अमरकोशात घोड्याच्या पाच गती दिल्या आहेत. धौरितक, वल्गित, प्लुत, रेचित आणि आस्कंदित. त्यांना धारा असे नाव आहे. वर्गात हे शब्द मी कित्येक वर्षे नुसते पाठ करून घेत असे. त्यांतला फरक घोड्यावर बसल्यावर कंबरेला कळला!

शिकवायचे कसे, याचे सूत्र ऐकायला फार साधे आहे. पायाने किंवा लगामाने हलका दाब द्यायचा आणि घोड्याने योग्य उत्तर दिले की त्याच क्षणी तो दाब काढून घ्यायचा. दाब ही सूचना. दाब जाणे हे बक्षीस. अंगावर बसलेली माशीसुद्धा ज्याला कळते त्या जनावराला पोटरीचा स्पर्श पुरे होतो. पण तो स्पर्श जायला क्षणभर उशीर झाला तर घोड्याला कळत नाही की आपले बरोबर आले की चुकले. मग तो एक तर गोंधळतो, नाही तर बधिर होतो. आमचे रिसालदारसाहेब म्हणतात, "सर, दाबायला काय, कुणीही दाबेल. सोडायचं कधी ते शिका." आणि आमचे गॅरेजवाले मित्र एकदा वैतागून म्हणाले, "गाडीला ब्रेक मारला की गाडी थांबते. ह्याला आधी विचारावं लागतं!" मला वाटते, ड्रेसाजची याहून चांगली व्याख्या करणे कठीण आहे.

मात्र विचारायचे की भाग पाडायचे, हा वाद या विद्येइतकाच जुना आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, आणि जबरदस्तीने करवून घेतलेल्या गोष्टीत समजही नसते नि शोभाही नसते, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. पुढे सोळाव्या शतकात इटलीत नेपल्स येथे ही विद्या पुन्हा भरभराटीस आली. तिथल्या ग्रिझोने या शिक्षकाचा ग्रंथ १५५० साली निघाला आणि युरोपभर वाचला गेला. पण त्यातले काही उपाय वाचून अंगावर काटा येतो. अडेल घोड्याला पुढे काढण्यासाठी काठीला जिवंत मांजर बांधून मागून भिववणे हा त्यातलाच एक प्रकार! त्यानंतर फ्रान्समध्ये प्लुव्हिनेल यांनी घोड्याला आधी समजून घ्यावे, मारणे टाळावे, असा मार्ग घालून दिला. तेरावा लुई हा राजा त्यांचा शिष्य. १७३३ साली गेरिनियेर यांचा ग्रंथ आला. घोड्याचे खांदे किंचित आत घेऊन त्याला तिरपे चालवण्याचा जो व्यायाम त्यांनी त्यात मांडला तो आजही जगभर रोज केला जातो. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल ही प्रसिद्ध संस्था त्यांच्याच परंपरेतली समजतात.

भाग पाडणाऱ्यांना चोख उत्तर मिळाले ते मात्र विसाव्या शतकात, आणि एका स्त्रीकडून. ऑलिंपिकमधील ड्रेसाज १९१२ साली सुरू झाले, पण पुढे कित्येक वर्षे ते लष्करी अधिकाऱ्यांपुरतेच होते. १९५२ साली हेलसिंकीला पहिल्यांदाच स्त्रियांना आणि इतरांना दार उघडले. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाई तिथे उतरल्या. १९४४ साली त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्याखाली पायात शक्ती नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना मदत लागे. आता विचार करा, ज्या पोटऱ्यांनी घोड्याला सूचना द्यायच्या त्याच निकामी! हार्टेलबाईंनी आपल्या ज्युबिली या घोडीला मुख्यतः बैठकीतून, अंगाचा तोल किंचित इकडचा तिकडे करून सगळे सांगितले आणि रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक मिळवणारे स्वीडनचे सेंट सीर यांनी त्यांना हात देऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढवले. १९५६ साली बाईंनी पुन्हा रौप्यपदक घेतले. भाग पाडायला ज्यांच्या पायात ताकद नव्हती त्यांचे घोडीने ऐकले, कारण तिला त्यांचे म्हणणे कळत होते.

तर मग प्रश्न मिटला, असे तुम्ही म्हणाल. पण तो मिटत नाही, आणि याला कारण रिंगणच आहे. रिंगणात रोज तीच वाळू, तीच अक्षरे, तोच कोपरा. शिक्षकाला घाई झालेली असते, स्पर्धेची तारीख ठरलेली असते. घोडा कंटाळतो. कंटाळलेला घोडा सुस्त होतो किंवा भडकतो, आणि मग चाबकाकडे हात जातो. मोकळा घोडा दिवसाचे पंधरासोळा तास चरत चरत चालत असतो. त्याला आपण ठाणबंद करून ठेवतो, तासभर बाहेर काढतो आणि त्या तासात त्याने दहापैकी दहा गुणांचे काम करावे अशी अपेक्षा धरतो. असे घोडे ठाणावर उभ्या उभ्या डुलू लागतात, लाकूड दातांत धरून हवा ओढतात. आमच्या पशुवैद्य बाई म्हणतात, की ही खोड नव्हे, हे दुखणे आहे. आणि त्याचे औषध बाटलीत मिळत नाही.

फार मोठ्या माणसांनाही हा मोह सुटत नाही. इंग्लंडच्या शार्लट दुजार्डिन यांनी व्हॅलेग्रो या घोड्यावर २०१२ साली लंडनला आणि २०१६ साली रिओला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. २०१४ साली संगीतावरच्या प्रकारात याच जोडीने ९४.३ टक्के गुण मिळवून विक्रम केला. असा घोडा आणि असा स्वार शतकातून एकदा पाहायला मिळतो, असे लोक म्हणत. त्याच दुजार्डिन यांनी शिकवणीच्या वेळी एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक चालवल्याची जुनी चित्रफीत २०२४ साली बाहेर आली. त्यांनी आपली चूक मान्य केली, पॅरिसच्या ऑलिंपिकमधून माघार घेतली, आणि पुढे त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. मी हे कुणाला नावे ठेवायला सांगत नाही. इतकी कला हातात असतानाही माणसाचा हात चाबकाकडे जाऊ शकतो, मग आपल्यासारख्यांनी किती जपले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

व्हॅलेग्रोच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुजार्डिन यांचे गुरू कार्ल हेस्टर यांच्या तबेल्यात हा घोडा तयार झाला. तिथे ऑलिंपिकचे घोडेही कुरणात मोकळे सोडतात आणि नेमाने रिंगणाबाहेर, रस्त्याने आणि रानाने हिंडवून आणतात. लाखमोलाचा घोडा बाहेर काढायला पुष्कळ मालक भितात. हेस्टर यांनी ती भीती धरली नाही. व्हिएन्नाच्या शाळेचेही तसेच आहे. तिचे पांढरेशुभ्र लिपित्सानेर घोडे उन्हाळ्यात हेल्डेनबर्ग येथे नेतात, आणि तिथे राजवाड्यातल्या झुंबरांऐवजी त्यांच्या डोक्यावर झाडांची सावली असते. या जातीची शिंगरे मोठी होताना उन्हाळ्यात आल्प्सच्या कुरणांवर चढउतार करीत असतात. ज्यांनी रिंगणाची कला शिगेला नेली, त्यांनीच रानाची वाट सोडलेली नाही!

आता आमच्या रानाच्या वाटेकडे वळतो. पाऊस सरला, रस्ते वाळले, की आम्ही रविवारी पहाटे रपेटीला निघतो. पुढे रिसालदारसाहेब, मागे आम्ही चौघे. एका घोड्याच्या मागे दुसरा, मध्ये निदान एका घोड्याचे अंतर. पहिली दहा मिनिटे नुसती चाल. मग कालव्याच्या कडेने दुडकी. दोन्ही बाजूंना ज्वारी किंवा ऊस, बांधावर बाभळी. घोडे चालता चालता नाक फुरफुरवतात, ती त्यांची अंग सैल झाल्याची खूण. रिंगणात जी घोडी कान पाडून फिरते तीच इथे कान टवकारून चालते. जगात आपल्यासाठी काही नवे आहे, हे तिला पुन्हा आठवलेले असते.

पण रान म्हणजे नुसती मौज नव्हे. घोडामैदान जवळ आहे असे आपण म्हणतो ना, ते मैदान खरे म्हणजे इथे असते. रिंगणात शिकवलेले कळून शिकला की धाकाने, याची परीक्षा इथे होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. नेमके कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. मुळात हे वाघसिंहांना भिऊन पळणारे जनावर. बांधावरची एक पिशवी उडाली तरी ते बुजते. गेल्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या पालांवरची निळी ताडपत्री वाऱ्याने फडफडू लागली आणि माझी कुमैत घोडी जागच्या जागी खिळली. ताडपत्री डाव्या हाताला होती. रिसालदारसाहेब मागे न वळता म्हणाले, "सर, खांदा आत!" मी तिचे तोंड नि खांदे किंचित उजवीकडे घेतले, उजवी पोटरी तंगापाशी लावली आणि ती पुढे सरताच सैल केली. ती फुरफुरत, तिरपी तिरपी, पण चालत पुढे गेली. गेरिनियेर यांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेला व्यायाम उसाच्या फडापाशी असा उपयोगी पडला! घोडीला माझ्यापेक्षा ताडपत्रीचे भय अधिक म्हणून ती थांबली होती. माझे भय त्याहून मोठे करून तिला पुढे ढकलणे शक्य होते. पण मग पुढच्या वेळी तिला दोन गोष्टींचे भय वाटले असते.

अशी कितीतरी उदाहरणे देता येतील. अरुंद बांधावर समोरून मोटारसायकल आली तर आडव्या पावलाने बाजूला सरणे. पुढे वाट नसली तर सरळ मागे चालणे. मोठा रस्ता ओलांडताना मालमोटारी जाईपर्यंत चारी पायांवर स्तब्ध उभे राहणे. रिंगणात या गोष्टींना गुण असतात. रस्त्यावर त्यांवर प्राण अवलंबून असतात.

आणि रान रिंगणाला परतफेडही करते. चढावर घोडा आपणहून मागचे पाय खाली घेतो, पुठ्ठा कामाला लावतो. वाळूत महिनाभर मागून जे मिळत नाही ते टेकडीवर न मागता मिळते. उतारावर तो तोल शिकतो. दगडगोट्यांतून पाऊल कुठे टाकायचे ते पाहायला शिकतो. सोमवारी रिंगणात आलेला घोडा वेगळाच असतो, असे रिसालदारसाहेब सांगतात. सोमवारी आम्ही आपापल्या कामावर असतो म्हणून त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

मित्रांबरोबर जाण्यालाही फार अर्थ आहे. घोडा हा कळपाचा प्राणी. जाणता घोडा शांतपणे ओढ्यात उतरला की मागचा बुजरा घोडाही उतरतो. दोन घोड्यांची मैत्री असली तर ते एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवत उभे राहतात. तिथे आपण हाताने खाजवले तरी त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. पण सोबतीची सवय फार झाली की एकटा घोडा पाऊल उचलत नाही. म्हणून आम्ही आळीपाळीने पुढे राहतो. मध्येच एक जण वाट सोडून शंभर पावले दूर जातो आणि परत येतो. मित्रांबरोबर चालता आले पाहिजे आणि मित्रांना सोडून चालताही आले पाहिजे. हा धडा घोड्यापुरताच आहे असे मला वाटत नाही.

सोबतीचे काही नियम आहेत. ते रिकिबीत पाय ठेवण्याआधी पाठ असावेत. सगळ्यांची गती सर्वांत कच्च्या स्वाराच्या गतीएवढी. चाल बदलण्यापूर्वी मागच्यांना हाक द्यायची. कुणी घोड्यावर चढत असेल तर सगळे चढेपर्यंत कुणी हलायचे नाही. पाण्यावर सगळे घोडे पिऊन होईपर्यंत थांबायचे. उभ्या पिकात घोडा घालायचा नाही. घराकडे तोंड झाल्यावर घोडा सोडायचा नाही, नाहीतर प्रत्येक वेळी तो परतीच्या वाटेवर उधळू लागतो. शेवटची दहा मिनिटे पुन्हा नुसती चाल. आणि डोक्याला टोपी पाहिजे. साधी नव्हे, घोडेस्वारीसाठी केलेली टणक टोपी. कितीही पक्की मांड असली तरी पडणे चुकत नाही.

हा खेळ आपल्याला परका आहे असेही कुणी समजू नये. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांनी डोंगरदऱ्या तुडवल्या, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या स्वारांना वळण लावणारे चाबूकस्वार इथलेच होते. अलीकडची गोष्ट घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्यांतला हृदय मुंबईचा. घोडेस्वारीतले भारताचे त्यापूर्वीचे सुवर्ण १९८२ सालचे, दिल्लीचे. अनुषला वैयक्तिक कांस्यपदकही मिळाले, आणि २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. पण यासाठी या मुलांना घर सोडून वर्षानुवर्षे युरोपात राहावे लागले. तसा घोडा, तसे रिंगण आणि तसा शिक्षक इथे मिळणे अजून अवघड आहे. प्रत्येक मुलाने पदकासाठीच घोड्यावर बसावे असे मात्र नाही. ज्या मुलाला सहा मणांहून जास्त भरणाऱ्या आणि भित्र्या प्राण्याला न मारता, न ओरडता एक पाऊल बाजूला टाकायला सांगता आले, त्याला पुढे माणसांशी वागायलाही ते उपयोगी पडेल.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ड्रेसाजच्या खालच्या पायरीच्या परीक्षांत मोकळ्या लगामाची चाल नावाचा एक भाग असतो. स्वाराने लगाम सैल सोडायचा आणि घोड्याने मान लांब करून, खाली घेऊन, लांब ढांगा टाकीत रिंगण तिरपे पार करायचे. पुष्कळ परीक्षांत या साध्या चालीचे गुण दुप्पट धरतात. दिसायला त्यात काहीच नसते. पण लगाम सोडल्यावर घोडा पळत सुटला तर तो आतापर्यंत नुसता दाबून धरलेला होता. मान आखडूनच राहिला तर तो भ्यालेला होता. आणि मान लांबवून, कान हलवीत, आपल्या तालात चालत राहिला तर तो शिकलेला आहे. रपेट संपत आली, तबेल्याची कौले दिसू लागली, की रिसालदारसाहेब मागे वळून आम्हाला सांगतात, "सोडा आता लगाम." आम्ही सोडतो. आणि कोण कसा शिकला हे मग कुणी कुणाला विचारावे लागत नाही.